पत्त्यावर नसलेली माणसं

पालघर जिल्ह्यात दोन पट्ट्या आहेत. वसई, अर्नाळा, केळवे, सातपाटी, डहाणू, झाई ही बंदरपट्टी. जव्हार, मोखाडा, विक्रमगड ही जंगलपट्टी. मोखाडा तालुक्यातलं पोशेरा हे गाव जंगलपट्टीतलं. नाशिक जिल्ह्याची हद्द इथून जवळ, आणि आपल्या जिल्ह्याचं ठिकाण मात्र जव्हारचा घाट उतरून शंभरेक किलोमीटरवर. तालुक्यात वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी समाजांची वस्ती. उतारावर नाचणी, वरई, खुरासणी, जमेल तिथे खाचरात भात. याच तालुक्यातल्या कोचाळ्यापाशी मुंबई महापालिकेनं मध्य वैतरणा धरण बांधलं. २०१४पासून त्याचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते.

पाण्यापाठोपाठ माणसंही खाली उतरतात. भात झोडून झाला, दिवाळी आटोपली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर निघतात. वसई, विरार, भिवंडी, ठाणे, नाशिक हे नेहमीचे रस्ते. बऱ्याच जणांनी भट्टीवाल्याकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे निघायचा दिवस आपल्या हातात राहत नाही. होळीला काही जण सणापुरते येतात आणि बाकीचे पावसाच्या तोंडावर.

कोरोनाच्या महासाथीत जहाजांवरच्या खलाशांना लस कशी द्यायची, हा प्रश्न २०२१ साली जगभर गाजला. त्यावर संयुक्त राष्ट्रांत ठराव झाले, मंत्र्यांच्या बैठका झाल्या, खास नियम निघाले. वरवर पाहता पोशेऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. पण दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या की लक्षात येतं, अडचण एकच होती. आपली आरोग्यव्यवस्था माणसाला त्याच्या पत्त्यावर शोधते आणि ही दोन्ही माणसं पत्त्यावर नसतात. एकाची अडचण सोडवायला जग धावलं. दुसऱ्याची अडचण आहे, हेसुद्धा कुणी नीटसं लिहून ठेवलं नाही.

बोट चालू, माणूस अडकलेला

आधी खलाशांचं पाहू. जगाच्या व्यापारातला बहुतेक माल बोटीनं जातो, आणि या बोटी चालवणारे खलाशी सुमारे १९ लाख. त्यांत भारतीयांचं प्रमाण मोठं. नौवहन महासंचालनालयाच्या आकडेवारीनुसार २०१९मध्ये सुमारे २ लाख ३५ हजार भारतीय खलाशी कामावर होते. मुंबई ही त्यांची जुनी पेठ. भरतीच्या कंपन्या, वैद्यकीय तपासण्या, प्रशिक्षणसंस्था, युनियनची कार्यालयं, सगळं इथेच. कोकणातल्या कितीतरी गावांत घर बांधलं ते बोटीच्या पगारावर.

खलाशी करारावर जातो. अधिकारी असेल तर चार ते सहा महिने, खालच्या दर्जाचा असेल तर सहा ते नऊ. करार संपला की तो एखाद्या बंदरात उतरतो आणि त्याच्या जागी दुसरा चढतो. ही अदलाबदल दर महिन्याला हजारोंनी होत असते. मार्च २०२० मध्ये विमानं थांबली, बंदरांनी खलाशांना जमिनीवर पाय ठेवायला बंदी केली आणि हे चक्र जागच्या जागी थांबलं. माल उतरत होता, माणूस उतरत नव्हता. त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटीवर अडकले होते, आणि जवळपास तेवढेच घरी बसून नोकरीची वाट पाहत होते. सागरी कामगारांच्या २००६च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशाला सलग अकरा महिन्यांपेक्षा जास्त काळ बोटीवर ठेवता येत नाही. त्या वर्षी कित्येकांचे अकराचे पंधरा झाले.

भारतानं एप्रिल २०२०च्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या बंदरांत खलाशी उतरवण्या-चढवण्याची कार्यपद्धती जाहीर केली. त्यानंतर दोनच दिवसांनी ‘मरेला डिस्कव्हरी’ या क्रूझ बोटीवरचे जवळपास दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईत उतरले. बोट कित्येक दिवस समुद्रातच परवानगीची वाट पाहत होती. सगळ्यांचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. मुंबईच्या ग्रेट ईस्टर्न शिपिंगचं ‘जग आनंद’ हे जहाज ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन जून २०२०मध्ये चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर पोहोचलं. चीन आणि ऑस्ट्रेलियाचं व्यापारी भांडण पेटलेलं होतं. माल उतरवून घेईनात, कोरोनाचं कारण सांगून माणसंही उतरू देईनात. त्यावरचे २३ भारतीय खलाशी जानेवारी २०२१मध्ये जपानच्या चिबा बंदरात बदलले गेले, तेव्हा कुठे घरी आले.

१ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव करून खलाशांना अत्यावश्यक कामगार मानायचं आवाहन सगळ्या देशांना केलं. मार्च २०२१मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, कामगार संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि आणखी दोन संस्थांनी एकत्र निवेदन काढलं: खलाशांना आणि विमान कर्मचाऱ्यांना लशीत प्राधान्य द्या. तोवर लस आली होती. आता ती दंडापर्यंत पोहोचवायची होती.

वय, अंतर आणि तारीख

भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालं. आधी आरोग्य कर्मचारी, मग पोलीस-सफाई कामगार, १ मार्चपासून साठीच्या पुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे. खलाशी या उतरंडीत कुठेच बसत नव्हता, कारण बहुतेक खलाशी विशी ते चाळिशीतले. त्यांचा वयोगट १ मेला खुला झाला. महाराष्ट्रात तो जेमतेम सुरू होतोय तोच मेच्या दुसऱ्या आठवड्यात लशीच्या तुटवड्यामुळे सरकारनं १८ ते ४४ वयाचं लसीकरण थांबवलं. पंचेचाळिशीच्या पुढच्यांचे दुसरे डोस अडले होते आणि ते आधी पुरे करायचे होते. निर्णय चुकीचा नव्हता, पण तरुण खलाशी पुन्हा रांगेबाहेर गेला.

त्याच आठवड्यात दुसरा बदल झाला. १३ मे रोजी केंद्रानं कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर वाढवून १२ ते १६ आठवडे केलं. अंतर जास्त असलं तर लस जास्त चांगली काम करते, असा त्यामागचा शास्त्रीय आधार. लशीची टंचाई असताना पहिला डोस जास्त लोकांपर्यंत पोहोचतो, हा व्यावहारिक फायदाही होताच. पण बोटीवर जाणाऱ्याला ८४ दिवस म्हणजे तीन महिने घरी बसणं. कंपनीचा फोन येतो तो आठ-दहा दिवसांच्या मुदतीनं: अमुक तारखेला अमुक बंदरात बोट पकडायची आहे. बोट थांबत नाही. आपण गेलो नाही तर दुसरा जातो, आणि तो दुसरा फिलिपिन्सचा असू शकतो. एप्रिल २०२१पासून सिंगापूरसारख्या बंदरांनी भारतातून नुकत्याच आलेल्या खलाशांची अदलाबदल बंद केली होती. परदेशी कंपन्यांना भारतीय खलाशी घेणं जोखमीचं वाटू लागलं होतं. दोन डोस झालेला माणूस म्हणजे त्या भीतीवरचा एकमेव कागदी उतारा.

नौवहन महासंचालनालय, जहाजमालकांच्या संघटना आणि नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया, मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया यांसारख्या युनियन यांनी दिल्लीपर्यंत पाठपुरावा केला. जूनच्या सुरुवातीला केंद्रीय बंदरमंत्री मनसुख मांडविया यांनी आढावा घेतला, तेव्हा मुंबई, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम, कोलकाता आणि तुतीकोरिन या सहा मोठ्या बंदरांच्या रुग्णालयांत खलाशांचं लसीकरण सुरू झालेलं होतं. मुंबईत ते पोर्ट ट्रस्टच्या वडाळ्याच्या रुग्णालयात. गोव्यानं १८ ते ४४ वयोगटातल्या आपल्या प्राधान्याच्या यादीत खलाशांना घातलं.

७ जून २०२१ रोजी आरोग्य मंत्रालयानं निर्णायक आदेश काढला. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणारे आणि टोकियो ऑलिम्पिकला जाणारं पथक यांना कोविशिल्डचा दुसरा डोस २८ दिवसांनंतर घेता येईल. प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक नोंदवला जाईल. सवलत ३१ ऑगस्टपर्यंत परदेशी निघणाऱ्यांना लागू. कागद काय दाखवायचे तेही स्पष्ट होतं: नोकरीचं पत्र, मुलाखतीचं बोलावणं, असं काही.

खलाशाजवळ असे कागद भरपूर असतात. त्याची सीडीसी, म्हणजे नोकरीची वही. तीत प्रत्येक बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, कप्तानाची सही आणि शिक्का. त्याचा इंडोस क्रमांक, जो देशातल्या प्रत्येक खलाशाला एकदाच मिळतो आणि निवृत्तीपर्यंत बदलत नाही. पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड. वैद्यकीय तपासणीचा दाखला. या सगळ्या कागदांमुळे सरकारला कोण, कुठला, कधी निघणार, याची यादी करता आली. यादी झाली म्हणून मागणी करता आली. मागणीपाठोपाठ आदेश निघाला.

तरी अडचणी संपल्या नाहीत. ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली होती ते वेगळ्याच पेचात सापडले. कोविशिल्डला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता फेब्रुवारी २०२१मध्येच मिळाली होती, कोव्हॅक्सिनला ती मिळायला ३ नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस घेतलेला माणूस इथे पूर्ण लसवंत आणि कित्येक परदेशी बंदरांच्या लेखी बिनलशीचा. केंद्रावर त्या दिवशी कोणती कुपी आली आहे, यावर एखाद्याची नोकरी ठरत होती. एक डोस घेऊन निघालेल्यांचा दुसरा डोस कुठल्या बंदरात, कुठल्या लशीचा मिळणार, हा आणखी एक घोळ. २०२१च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अनेक बंदरांनी, पुढे नेदरलँड्स आणि बेल्जियमनंही, परदेशी खलाशांना लस द्यायला सुरुवात केली. तिथे एका डोसात काम भागवणारी जॅन्सेन सोयीची ठरली. आज बंदरात असलेली बोट पुढच्या महिन्यात दुसऱ्या खंडात असते, तेव्हा दोन डोसांची लस तिथे व्यवहार्य नव्हती. फिरत्या माणसाला कोणती लस द्यावी, याचा हा धडा होता.

लस आली तीच बोटीनं

साथ आणि लस या दोन्हींचं समुद्राशी जुनं नातं आहे. भारतात देवीची पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. ती लस बगदाद-बसऱ्याकडून समुद्रमार्गे आली होती. शीतपेट्या नव्हत्या, त्यामुळे एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर, असा माणसामाणसांतून तिचा प्रवास चाले. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, कारण मुंबईहून निघणाऱ्या बोटींची युरोपला धास्ती होती. १९१८च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईत आधी दिसली ती गोदीवर पहाऱ्याला असलेल्या शिपायांत.

बंदर हे साथीचं दार आहे, हे राज्यकर्त्यांना दोनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. म्हणून जगात सगळ्यांत पक्की लस-नोंद कुणाची असेल तर ती प्रवाशाची आणि खलाशाची. पिवळ्या तापाचं कार्ड आजही आंतरराष्ट्रीय नियमांनी बांधलेलं आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं आणि ११ जुलै २०१६पासून जन्मभर चालतं. ते कार्ड माणसाबरोबर फिरतं. कुठल्याही बंदरातला आरोग्य अधिकारी ते पाहतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. बंदरावर जे जमलं ते जंगलपट्टीत आणावं, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

दहा डोसांची कुपी आणि सात माणसं

आता घाट चढून पोशेऱ्याकडे येऊ.

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये गावोगावी लशीबद्दल भीती होती. लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, असल्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. आदिवासी पट्ट्यात त्यांना जोर जास्त. पण सगळं खापर अफवांवर फोडणं सोपं आहे. लस घेतल्यावर दोन दिवस ताप येतो, अंग मोडून येतं, हे खरंच होतं. रोजंदारीवर जगणाऱ्याला दोन दिवसांची मजुरी बुडणं म्हणजे घरात शिधा नसणं. त्याची भीती अडाणीपणातून आलेली नव्हती, ती हिशेबातून आली होती.

दुसरीकडे शहरांत लस मिळत नव्हती. कोविन संकेतस्थळावर वेळ नोंदवायची तर स्मार्टफोन, इंटरनेट आणि चपळ बोटं हवीत. त्यामुळे ठाणे-पालघरच्या ग्रामीण केंद्रांवर शहरातले लोक गाड्या करून येऊ लागले. केंद्र गावात, कुपी गावात, आणि यादीतली नावं शहरातली. २४ मे रोजी केंद्रानं १८ ते ४४ वयोगटासाठी थेट केंद्रावर नोंदणीला परवानगी दिली आणि २१ जूनपासून लस सर्वांना केंद्राकडून मोफत झाली, तेव्हा गावांच्या वाट्याला काही तरी येऊ लागलं. त्याच जूनमध्ये राज्यातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशाताई मानधनासाठी संपावर गेल्या होत्या. गावात लशीसाठी माणसं गोळा करणारी बाई आठवडाभर आपल्याच हक्कासाठी बसली होती, आणि तिचं म्हणणं रास्त होतं.

पाड्यावरचं लसीकरण कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीतून, दोन ते आठ अंश तापमानात ठेवलेल्या कुप्या सकाळी काढायच्या. बर्फाच्या चौकोनी पिशव्या बाहेर काढून घाम फुटेपर्यंत थांबायचं, मग निळ्या डब्यात कुप्यांच्या चारी बाजूंनी लावायच्या. नर्सबाई, आरोग्य सेवक आणि नोंदी करणारा एक जण गाडीनं रस्ता असेल तिथपर्यंत जाणार, पुढे पायी. अंगणवाडीत किंवा शाळेच्या पडवीत टेबल लागतं. आशाताई घरोघर जाऊन बोलावून आणते. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवायची, उरलं तर टाकून द्यायचं, आणि वाया गेलेल्या प्रत्येक डोसाचा जाब वरून विचारला जातो. पडवीत सात माणसं जमली आहेत. कुपी उघडायची का? नर्सबाई थांबते. आशाताई आणखी तीन जणांसाठी पुन्हा वरच्या पाड्यावर जाते. तेवढ्यात सातातला एक जण कंटाळून रानात निघून जातो. मोबाइलला रेंज नसते, म्हणून नावं आधी कागदावर लिहायची आणि संध्याकाळी रेंज असेल तिथे जाऊन कोविनमध्ये भरायची. शहरातल्या केंद्रावर शंभर माणसं रांगेत असतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. पाड्यावर तो रोजचा आहे.

आता दिवाळीचा हिशेब करू. पावसाळ्यात माणसं गावात असतात. आवणी आणि बेणणी यांच्यामध्ये कुठे तरी पहिला डोस झाला असं धरू. २०२१मध्ये लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होतं. त्यातून ८४ दिवस वजा केले की तारीख येते १२ ऑगस्ट. म्हणजे १२ ऑगस्टनंतर ज्यानं पहिला डोस घेतला, त्याचा दुसरा डोस दिवाळीनंतरच देय होणार. पोशेऱ्यातला मजूर तोवर भट्टीवर निघालेला असतो. पहिल्या डोसाची लस मुबलक मिळू लागली ती नेमकी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. राज्यानं ‘मिशन कवच कुंडल’ ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात राबवलं. केंद्राचं ‘हर घर दस्तक’ सुरू झालं ते ३ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. दारावर थाप मारायला माणूस येणार आणि दाराला कुलूप.

नियम म्हणतो, दुसरा डोस देशात कुठेही घेता येतो. ते खरं आहे. पण पहिल्या डोसाची नोंद मोबाइल क्रमांकाला जोडलेली, आणि एका क्रमांकावर तेव्हा चारच माणसं चालायची. घरात फोन नसेल तर क्रमांक शेजाऱ्याचा, नाही तर आणखी कुणाचा. भट्टीवर गेलेल्या बाईला आपली नोंद कुठल्या क्रमांकावर आहे हे ठाऊक नसतं. वसईच्या केंद्रावर तिच्याकडे पहिल्या डोसाचा कागद मागतात. तिच्या लेखी लस मिळाली आणि विषय संपला. इकडे मोखाड्यातल्या यादीत तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. तो शेरा पडला की तिची जबाबदारी इथल्या केंद्राची राहत नाही आणि तिथल्या केंद्राची होत नाही.

पासपोर्ट असलेला आणि नसलेला

लस तीच, ८४ दिवस तेच. ज्याच्याकडे पासपोर्ट आणि नोकरीचं पत्र होतं त्याच्यासाठी ते २८ झाले. ज्यानं भट्टीची उचल घेतली होती त्याच्यासाठी ते ८४च राहिले. निघायची तारीख दोघांचीही ठरलेली होती.

हा भेद न्यायालयातही गेला, पण मजुरानं नेला नाही. केरळमधल्या किटेक्स या कापड कंपनीनं आपल्या पाच हजारांहून अधिक कामगारांना पहिला डोस दिला होता, दुसऱ्या डोसाची लस विकत घेऊन ठेवली होती, आणि ८४ दिवस थांबायला लावू नका म्हणून ती केरळ उच्च न्यायालयात गेली. परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांची मुभा आहे, मग इथे काम करणाऱ्यांना का नाही, हाच प्रश्न होता. सप्टेंबर २०२१मध्ये एकल पीठानं पैसे भरून लस घेणाऱ्यांना ती मुभा द्यायला सांगितलं. डिसेंबरमध्ये खंडपीठानं तो निर्णय फिरवला. लसीकरणाचं धोरण तज्ज्ञांनी ठरवायचं, ही भूमिका कायद्याच्या दृष्टीनं समजण्यासारखी आहे. पण धोरण ठरवणाऱ्यांसमोर खलाशाचा अर्ज होता, विद्यार्थ्याचा होता, खेळाडूचा होता. वीटभट्टीवाल्याचा नव्हता.

या दोन टोकांच्या मधेही काही माणसं आहेत. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण मच्छीमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. काही सातपाटी-डहाणूच्या बोटींवर, तर काही गुजरातच्या वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर. बोट सागरी हद्द ओलांडून गेली तर पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षंच्या वर्षं जातात. हेही समुद्रावरचे कामगार, यांनाही लोक खलाशीच म्हणतात. पण यांच्याकडे सीडीसी नाही, इंडोस क्रमांक नाही. नौवहन महासंचालनालयाच्या खात्यात ते येत नाहीत, म्हणून खलाशांसाठीची सवलत त्यांच्यापर्यंत आली नाही. गंमत अशी की त्यांना लस देणं सगळ्यांत सोपं होतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हे दोन महिने तांडेलापासून खलाशापर्यंत सगळे घरी. त्या ६१ दिवसांत एक डोस नक्की बसला असता, आणि २८ दिवसांची मुभा असती तर दोन्ही. पण २०२१च्या जून-जुलैत लस कुठे जास्त द्यायची, हे ठरवताना मासेमारीचं कॅलेंडर कुणी उघडलं नाही.

तारखेचा रकाना

खलाशांना प्राधान्य मिळालं याबद्दल आकस धरायचं कारण नाही. त्यांचे हाल खरे होते, आणि त्यांच्या संघटनांनी, अधिकाऱ्यांनी जे मिळवलं ते योग्यच होतं. त्यातून शिकायचं आहे ते हे: फिरत्या माणसाला लस देता येते. त्यासाठी त्याच्या निघायच्या तारखेभोवती वेळापत्रक वाकवावं लागतं, त्याच्या वाटेवर केंद्र ठेवावं लागतं आणि त्याची नोंद त्याच्या हातात द्यावी लागते. या तिन्ही गोष्टी वडाळ्याला झाल्या. जव्हारच्या एसटी स्टँडवर त्या होऊ शकत नाहीत, असं म्हणायला आधार नाही.

काही पावलं पडली आहेत. ऑगस्ट २०२१मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम सुरू झालं. राज्याच्या महिला व बालविकास विभागानं स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांचा माग ठेवणारी प्रणाली आणली. ती आधी प्रयोग म्हणून निवडक जिल्ह्यांत राबवली गेली, त्यांत पालघरचा समावेश होता. भट्टीवर गेलेल्या मुलाचं पोषण आणि लस चुकू नये, हा तिचा हेतू. ज्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२मध्ये राज्य हादरलं, त्या भागासाठी हे व्हायलाच हवं होतं. पण ती प्रणाली गरोदर बाई, स्तनदा माता आणि मुलांपुरती आहे. कमावता पुरुष आणि मूल मोठं झालेली बाई त्यात नाहीत, आणि महासाथीत लस हवी असते ती त्यांनाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या १९७९च्या कायद्यालाही ते दिसत नव्हते. मोखाड्याहून वसईला जाणारा मजूर राज्याची हद्दच काय, जिल्ह्याचीही हद्द ओलांडत नाही.

आता याच जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदर होतं आहे. जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६ हजार २२० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध कायम आहे आणि त्याला कारणं आहेत. बंदर झालं तर जगातल्या मोठ्यात मोठ्या बोटी इथे लागतील, त्यांच्यावरचे खलाशी इथे उतरतील. बंदराचं आरोग्य केंद्र, त्याचे कडक नियम, त्याचे लशीचे साठे हे सगळं ओघानं येईल, कारण आंतरराष्ट्रीय नियम तसं करायला लावतात. त्या बंदराच्या बांधकामावर आणि त्याला लागणाऱ्या विटांच्या भट्ट्यांवर जंगलपट्टीतली माणसं असणारच. एकाच जिल्ह्यात, एकाच रस्त्यावर दोन प्रकारची नोंद चालू राहील: एक शिक्क्यानिशी, दुसरी ‘स्थलांतरित’ या शेऱ्यानं संपणारी.

ते टाळायला फार मोठं काही लागत नाही. कुठलं कुटुंब कधी निघतं, कुठल्या भट्टीवर जातं, परत कधी येतं, हे प्रत्येक पाड्यातल्या आशाताईला तोंडपाठ असतं. तिच्या वहीत जन्म, मृत्यू, गरोदरपण, ताप, सगळ्यांसाठी रकाने आहेत. निघायच्या तारखेसाठी नाही. आरोग्य विभागानं तो एक रकाना वाढवावा, त्यावरून लशीच्या फेऱ्या ठरवाव्यात, आणि निघणाऱ्याच्या हातात खलाशाच्या पिवळ्या कार्डासारखं कुठेही चालणारं कार्ड द्यावं. हे काम पुढची साथ यायच्या आधी, आणि दरवर्षी दिवाळीच्या आधी झालं पाहिजे.